मोगऱ्याला ऊन हवं आणि कात्रीही

चैत्र-वैशाखात दादरच्या फुलबाजारात मोगऱ्याच्या कळ्यांच्या राशी लागतात, आणि त्याच दिवसांत कितीतरी घरांच्या गॅलरीत मोगऱ्याची हिरवीगार कुंडी एकाही कळीविना उभी असते. पानं तजेलदार, फांद्या ग्रिलमधून बाहेर डोकावणाऱ्या, रोग नाही, कीड नाही, तरी फूल नाही. अशा वेळी घरातल्या माणसाचा पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: झाडाला काहीतरी कमी पडतंय. मग शेणखत येतं, गांडूळखत येतं, चहाचा चोथा, केळीच्या सालींचं पाणी, अंड्याची टरफलं असं सगळं त्या कुंडीत जातं आणि झाड आणखी हिरवं होतं. माझं म्हणणं असं आहे, की न फुलणारा मोगरा बहुतेक वेळा उपाशी नसतो. त्याला ऊन कमी मिळालेलं असतं, त्याची छाटणी झालेली नसते आणि त्याला थंडीत विसावा मिळालेला नसतो. या तीन गोष्टी जागेवर नसतील, तर खत फुलांऐवजी पानंच वाढवतं.

हे पटायचं तर मोगऱ्याचं फूल झाडावर नेमकं कुठे येतं, इथून सुरुवात करावी लागते. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीच्या टोकाला, बहुधा तिघांच्या झुबक्यात. मधली कळी आधी मोठी होते, बाजूच्या मागाहून. जुन्या, तपकिरी झालेल्या फांदीवर थेट कळ्या लगडलेल्या दिसत नाहीत. त्या फांदीतून कोवळा फुटवा निघाला, तर त्याच्या शेंड्यावर त्या येतात. म्हणजे झाडावर जितके नवे शेंडे, साधारण तितके कळ्यांचे झुबके. झाड उंच किती, पानं किती, बुंधा किती जाड याचा हिशोब इथे लागत नाही. मोगऱ्याची पानं फांदीवर समोरासमोर, जोडीने असतात आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा निजलेला असतो. शेंडा शाबूत असेपर्यंत त्यातून खाली उतरणारं ऑक्झिन हे संप्रेरक या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा कापला की तो दाब उठतो आणि कापाखालच्या जोडीतून बहुधा दोन फुटवे निघतात. एका टोकाची दोन टोकं झाली. न छाटलेल्या आठ फांद्यांच्या झाडावर आठ झुबके आले असते, तर छाटलेल्यावर पंधरा-सोळा येण्याची सोय झाली. कुठल्याही खताला हे गणित बदलता येत नाही, कारण खत डोळ्यांवरचा दाब उठवत नाही. जो शेंडा आधीच वाढतो आहे त्यालाच ते आणखी लांब करतं.

ज्यांचं पोट मोगऱ्यावर चालतं त्यांची पद्धत पाहिली, तर हेच दिसतं. 2013 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या मदुराईच्या मल्लीची गोष्ट घ्या. ती आपल्याच मोगऱ्याची जात. तमिळनाडूतले शेतकरी नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत तिची छाटणी करतात. त्याआधी पाणी कमी करतात आणि मग जमिनीपासून सुमारे 50 सेंटिमीटर उंचीवर अख्खं झाड कापून टाकतात. त्या वेळी शेत पाहिलं तर नुसते खुंट दिसतात. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच खुंटांतून एकदम फूट निघते आणि उन्हाळाभर कळ्या तोडायला माणसं कमी पडतात. याच झाडासाठी तमिळनाडू कृषी विद्यापीठाची खताची शिफारसही बोलकी आहे: वर्षाला झाडामागे 60 ग्रॅम नत्र, 120 ग्रॅम स्फुरद आणि 120 ग्रॅम पालाश, तेही दोन हप्त्यांत विभागून, पहिला हप्ता छाटणीनंतर. ही मात्रा शेतातल्या झाडाची आहे, कुंडीत ती चालणार नाही. पण तिच्यातलं प्रमाण पाहण्यासारखं आहे. फुलासाठी मोगरा लावणारा शेतकरी पानं वाढवणारं नत्र बाकीच्या दोघांच्या निम्मंच देतो. घरातली मंडळी बहुधा उलट करतात. पान पोपटी दिसलं की युरिया किंवा नत्राचा भरणा असलेलं कुठलंतरी खत, आणि स्फुरद-पालाशाकडे दुर्लक्ष.

ताण देऊन बहार धरणं ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. डाळिंब, संत्री, मोसंबी लावणारे आपले बागायतदार ठरावीक काळ पाणी तोडतात, झाडाला विश्रांती देतात आणि मग खत-पाणी देऊन आंबिया किंवा मृग बहार धरतात. बारा महिने सारखं पाणी प्यायलेलं झाड वाढत राहतं आणि थोडंथोडं, विस्कळित फुलतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मोगऱ्याच्या बाबतीत मात्र हे शहाणपण शेताच्या बांधावरच राहिलं आणि शहरातल्या गॅलरीपर्यंत पोचलं नाही. डिसेंबरात थंडीमुळे मोगऱ्याची वाढ आपोआप मंदावते. त्या वेळी रोजचा तांब्याभर पाण्याचा नेम मोडायला हवा. कुंडीत माती थोडी असते, त्यामुळे शेतासारखा कडक ताण मात्र द्यायचा नाही. वरची दोनेक इंच माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालायचं नाही आणि पानं कोमेजून लोंबू द्यायची नाहीत, एवढं सांभाळलं तरी तीन आठवड्यांत झाड पुरेसं शांत होतं. मग छाटणी करायची.

आता ऊन. खत म्हणजे झाडाचं अन्न हा समज सगळ्या घोळाच्या मुळाशी आहे. झाड आपलं अन्न पानांत, उजेडावर तयार करतं. मातीतून येतात ती त्यासाठी लागणारी खनिजं. फुलं ही झाडाला शिलकीतून परवडणारी चैन आहे आणि ती शिल्लक उन्हातच जमते. मोगऱ्याला दिवसाला किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. यावर हमखास उत्तर येतं, की आमच्या गॅलरीत उजेड भरपूर आहे. इथे आपले डोळे आपल्याला फसवतात. भर दुपारच्या उन्हात प्रकाश एक लाख लक्सच्या आसपास असतो. मोकळ्या सावलीत तो दहा हजारांच्या घरात येतो आणि खोलीत खिडकीपासून थोडं आत गेलं की काही शेकड्यांवर. डोळ्याची बाहुली लहानमोठी होते आणि मेंदू जुळवून घेतो, म्हणून आपल्याला या तिन्ही जागा ‘छान उजेडाच्या’ वाटतात. पानाला तसं जुळवून घेण्याची मुभा फार थोडी. ते झाड मग उजेडाच्या शोधात निघतं: पेरं लांब होतात, पानं मोठी आणि गडद होतात, फांद्या वेलीसारख्या ग्रिलला टेकत बाहेर जातात. घरची माणसं याला जोमदार वाढ समजतात. ती खरं तर झाडाची ओढाताण असते.

गॅलरीची दिशा पाहतानाही एक गफलत होते. जागा ठरवली जाते ती बहुधा हिवाळ्यातलं ऊन पाहून. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येतं. पण मोगऱ्याचा हंगाम मार्च ते मेचा. एप्रिल उजाडेपर्यंत महाराष्ट्रात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब तेच ऊन अडवतो. मुंबईत तर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे डिसेंबरात उन्हाने न्हालेली दक्षिणेची गॅलरी, कळ्या धरण्याच्या नेमक्या काळात सावलीत जाते. पूर्वेची किंवा पश्चिमेची, पुढे इमारत नसलेली गॅलरी म्हणूनच मोगऱ्याला अधिक लाभते, आणि गच्ची सगळ्यात उत्तम. कुंडी गॅलरीच्या भिंतीपासून काढून कठड्याच्या आत, कडेला, पण खाली पडणार नाही अशी ठेवली, तरी तास-दोन तास ऊन वाढू शकतं. जागा निवडायची तर एप्रिलमधल्या एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, अकरा, दोन आणि चार वाजता ऊन कुठे पडतं ते पाहून निवडावी.

या सगळ्यावर पहिला आक्षेप अनुभवाचा असतो: “आम्ही केळीच्या सालींचं पाणी घातलं आणि पंधरा दिवसांत झाड कळ्यांनी भरलं.” हा अनुभव खोटा नसतो, पण त्यातून काढलेलं कारण तपासायला हवं. हे उपाय लोक केव्हा करतात? उन्हाळा लागला, शेजारचा मोगरा फुलला, आपला का नाही असं वाटलं, तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये. थोडंफार ऊन मिळणारा मोगरा त्या दिवसांत तसाही फुलणारच असतो. शिवाय उपाय करताना माणूस कुंडी ओढून उन्हात आणतो, माती खुरपतो, वाळक्या काड्या तोडतो. ही शेवटची किरकोळ वाटणारी कामंच अनेकदा परिणाम घडवतात आणि श्रेय सालींच्या पाण्याला जातं. तपासायचं असेल तर सारखी दोन झाडं, सारखं ऊन, एकाची छाटणी आणि दुसऱ्याला फक्त ते पाणी, असं करून पाहावं. सालींत पालाश असतं हे खरं, पण ज्या झाडावर नवे शेंडेच नाहीत ते त्या पालाशाचं फूल कुठे लावणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कोकणातल्या वाड्यांत, जुन्या घरांच्या परसात मोगरा वर्षानुवर्षं कुणी न छाटता फुलतो, त्याचं काय? तो फुलतो, कारण त्याची मुळं कुंडीच्या भिंतींना न अडता पसरलेली असतात आणि त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असतं. शिवाय तो अगदीच न छाटलेलाही नसतो. परसातल्या मोगऱ्याच्या कळ्या देवासाठी, गजऱ्यासाठी रोज तोडल्या जातात, आणि कळ्यांचा झुबका देठासह खुडला की त्या फांदीची ती एक हलकी छाटणीच होते. अशी जुनी झाडं बारकाईने पाहिली तर बऱ्याचदा त्यांची फुलं बाहेरच्या घेरावर असतात आणि आत नुसत्या काड्या. छाटली असती तर ती याहून किती फुलली असती, हे कुणी पाहिलेलंच नसतं. निसर्गात झाडं कोण छाटतं, हा प्रश्नही इथे लागू होत नाही. मोगऱ्यात बी धरणं जवळजवळ नाहीच. छाट कलमाने किंवा फांदी मातीत दाबून मुळं फुटवूनच तो पिढ्यान् पिढ्या पुढे आला आहे. रामेश्वरम बेटावरच्या तंगच्चीमडमसारख्या गावांत तर मदुराई मल्लीची कलमं तयार करणं हाच व्यवसाय आहे. आपण ज्याला मोगरा म्हणतो तो माणसाच्या हाताखाली, माणसाच्या कात्रीनेच टिकलेला आहे.

या प्रवासातला एक भाग आपल्या जवळचा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्याहून भरगच्च पाकळ्यांचा मोगरा इटलीत पोचला आणि तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याच्या बागेत लागला. त्याला तो इतका प्रिय झाला की त्याची कलमं बाहेर जाऊ नयेत असा बंदोबस्त त्याने केला. आजही जगभरच्या रोपवाटिकांत ती जात ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’ या नावाने विकली जाते. हे इथे सांगायचं कारण जातीच्या निवडीशी आहे. गुलाबासारखी गच्च फुलं देणारी अशी झाडं मुळातच हळू वाढतात आणि फुलं मोजकी देतात. त्यांच्याकडून एकेरी किंवा दोन-तीन फेर पाकळ्यांच्या मोगऱ्याइतक्या कळ्यांची अपेक्षा ठेवली तर निराशा ठरलेली. पहिल्यांदाच मोगरा लावणाऱ्याने साधा, कमी पाकळ्यांचा मोगरा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सुवासात तो तसूभरही कमी नाही.

रोपवाटिकेतून कळ्यांनी भरलेलं झाड आणलं आणि घरी येऊन ते थांबलं, ही तक्रारही नेहमीची. रोपवाटिकेत ते मोकळ्या उन्हात होतं आणि छाटणीमुळे त्याच्यावर नुकते कोवळे शेंडे आले होते. घरी आल्यावर ऊन घटलं, आणि आधीचे झुबके फुलून गेल्यावर नवे शेंडे काढण्यासाठी कुणी काही केलं नाही. एक बहर उतरला की प्रत्येक फुललेल्या फांदीचं टोक दोन-तीन पानांच्या जोड्यांसह कापावं. उन्हाळ्याच्या उबेत साधारण महिना-दीड महिन्यात त्या फांद्यांवर पुन्हा कळ्या दिसू लागतात. मोठी छाटणी मात्र वर्षातून एकदाच, डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत. वाळलेल्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढायच्या. उरलेल्या निम्म्याहून थोड्या जास्त कापायच्या. कुंडीतलं झाड फूट-सव्वाफुटाचं ठेवलं तरी चालतं. काप पानांच्या जोडीच्या जरा वर, धारदार कात्रीने. राहिलेली जुनी पानंही खुडून टाकावीत. मग वरची दोन इंच माती काढून तिथे कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालावी आणि पाणी पूर्ववत करावं. फेब्रुवारीनंतर ऊन तापलं की मोगऱ्याला पाण्याची काटकसर मुळीच सोसत नाही. कळ्या धरल्यावर माती सुकली तर त्या पिवळ्या पडून गळतात. ताण थंडीपुरताच. भर पावसात मोठी छाटणी टाळावी आणि कुंडीच्या तळाची भोकं मोकळी आहेत ना हे पाहावं, कारण साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात.

खताला माझा विरोध आहे असं यातून कुणी समजू नये. मोगऱ्याला खरोखर काही कमी पडतं अशीही परिस्थिती असते, आणि तिची खूण वेगळी असते. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर ती लोहाची उणीव. चुन्याचा अंश जास्त असलेल्या काळ्या मातीत आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर वाढणाऱ्या झाडांत ती सर्रास आढळते. मातीत लोह असूनही अशा मातीतून ते मुळांना उचलता येत नाही. तिथे शेणखताचे थर चढवून उपयोग होत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारली तर फरक दिसतो. शक्य असेल तर साठवलेलं पावसाचं पाणी घालावं. त्याचप्रमाणे तीन-चार वर्षं एकाच कुंडीत राहिलेल्या झाडाची मुळं गोल गुंडाळून मातीची जागाच खाऊन टाकतात. अशा झाडाला छाटणीच्या वेळी बाहेर काढून बाहेरची थोडी मुळं कापावीत आणि नवी माती द्यावी. कळ्या आल्या पण जांभळट पडून न फुलताच गळाल्या, किंवा त्यांना बारीक छिद्रं दिसली, तर दोष खताचा नाही, किडीचा आहे. अशा कळ्या रोजच्या रोज तोडून नष्ट करणं आणि आठवड्याने निंबोळी तेलाची फवारणी करणं घरच्या झाडाला पुरतं. उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी दिसला, तर पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

कळी तोडण्याबद्दलची भीड तर सोडूनच द्यावी. पूर्ण भरलेली पांढरी कळी सकाळी तोडली तरी ती आपल्या वेळेने संध्याकाळीच उमलते आणि तेव्हाच तिचा वास सुटतो. गजरेवाल्यांचा सगळा धंदा याच गुणावर उभा आहे. चीनमध्ये मोगऱ्याचा चहा करतानाही दिवसा खुडलेल्या कळ्या रात्री चहाच्या पत्तीत उमलू देतात. झाडावर ठेवलेलं फूल दुसऱ्या दिवशी मलूल होतं आणि वाळका झुबका शेंड्यावर नुसता लटकत राहतो. देठासह तोडलेला झुबका घरात दरवळतो आणि खालच्या डोळ्यांना वाट करून देतो. ज्या घरात मोगरा रोज तोडला जातो तिथे तो जास्त फुलतो, यामागे योगायोग नाही.

शेवटची अडचण सगळ्यात खरी आहे: काही घरांत ऊनच नाही. चारी बाजूंनी इमारती, उत्तरेची गॅलरी, वर स्लॅब. अशा जागी मोगरा लावू नये, असंच मी सांगेन. तिथे छाटणीने फक्त झाड खंगत जातं, कारण नव्या फुटीला लागणारी शिल्लक त्याच्याकडे नसते. सावलीत खुलणारी पानांची झाडं पुष्कळ आहेत, त्यांनी ती गॅलरी भरावी. आणि वर्षानुवर्षं अशा गॅलरीत जपलेला मोगरा असेल, तर तो फेकूनही देऊ नये. या डिसेंबरात त्याला छाटावं आणि सोसायटीच्या गच्चीवर, आवारातल्या उघड्या कोपऱ्यात किंवा ऊन असलेल्या एखाद्या शेजाऱ्याकडे हलवावं. पाणी घालायची जबाबदारी दोन-तीन घरांनी वाटून घ्यावी. मार्चअखेर कळ्या येतील, आणि त्या सगळ्यांना पुरतील.